दहा हजारांतले चार वाटे

राखेच्या बुधवारी फादरांनी कपाळाला लावलेली राख नातालिन तुस्कानोने संध्याकाळी तोंड धुताना पुसली, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी पहिलं पत्र आलं.

पाकीट साधंच होतं. पत्त्याच्या जागी लिहिलं होतं: ‘रेनाटा डिमेलो यांच्या उदरातील बाळास, द्वारा नातालिन तुस्कानो, माणिकबाव, वसई.’ पोस्टातली शुभदा ते हातात देताना हसली.

"टीचर, नातवंडाला आत्तापासूनच टपाल? अजून नाव ठेवलं नाही, तोवर पत्ता मिळाला की त्याला!"

नातालिन हसली नाही. हे पाकीट कसलं, हे तिला न उघडताच कळलं होतं. गेली सहा वर्षं असली पाकिटं ती स्वतः पाठवत आली होती. तरी ओट्यापाशी जाऊन तिने ते उघडलं, चष्मा लावला आणि वाचलं.

‘प्रिय बाळा, तुझ्या वाट्याला पुढे जे नुकसान येऊ शकतं, त्यात माझ्या गुंतवणुकीचे दहा हजारांत दोन वाटे आहेत. मी तुला ओळखत नाही. मला क्षमा कर. सोबत दोन रुपये दहा पैसे.’ खाली पोलंडमधल्या कुणा दंतवैद्याची सही होती. त्याखाली पोस्टात वटवायची चिमुकली पट्टी, आणि अगदी तळाशी परत पाठवायचा कागद. त्यावर एक चौकोन होता आणि शेजारी छापलं होतं, ‘क्षमा केली’.

"आये, कोण आलं?" आतून रेनाटाने विचारलं. तिला सहावा लागला होता. जावई जहाजावर, म्हणून पहिल्या बाळंतपणाला ती जरा लवकरच माहेरी आली होती, आणि डॉक्टरांनी तिला फार हिंडूफिरू नको म्हणून सांगितलं होतं.

"गॅसवाल्यांचं काहीतरी," नातालिन म्हणाली, आणि पत्र तांदळाच्या पिंपात खुपसून तिने झाकण लावलं. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई ती. दहा हजारांत दोन म्हणजे काहीच नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तरी झाकण नीट बसलंय ना, ते तिने दोनदा दाबून पाहिलं.

ह्या पत्रांची गोष्ट कळायला थोडं मागे जावं लागेल.

पैसा पूर्वी आंधळा होता. तुम्ही बँकेत हजार रुपये ठेवले, की ते कुठे गेले, कुणाच्या कारखान्यात फिरले, कुणाचं भलं करून आले आणि कुणाचा गळा कापून, हे देवालाच ठाऊक असायचं. कॅथलिक माणसाला हा आंधळेपणा सोयीचा होता, असं म्हटलं तर फादर रागावतील, पण ते खोटं ठरणार नाही. दुसऱ्याच्या वाईट कामात आपला हात किती, हा प्रश्न धर्मशिकवणीत फार जुना आहे. चोरासाठी शिडी धरून उभा राहतो, तो चोराइतकाच दोषी. शिडी विकणाऱ्या दुकानदाराला चोरीचा पत्ताच नसेल, तर तो दूरचा. आणि त्या शिडीच्या बांबूला कोंब असताना ज्याने पाणी घातलं, तो इतका दूर, की त्याने खुशाल झोपावं. जवळचं सहकार्य पाप. दूरचं सहकार्य, तसंच सबळ कारण असेल तर, सोसून घेण्याजोगं. पैसे गुंतवणारा माणूस स्वतःला नेहमीच बांबूला पाणी घालणाऱ्यांत धरत आला.

मग प्रत्येक रुपयाला मागखूण आली. मागखूण म्हणजे रुपयाच्या अंगावरची कायमची नोंद. तो कुठून निघाला, कुणाकुणाच्या हातून गेला, आज कुठे आहे, सगळं तिच्यात. एका विहिरीत रंग टाकावा आणि तो गावातल्या कुठल्या कुठल्या विहिरींत उतरतो ते बघावं, तसा पैसा दिसू लागला. तिच्या पाठोपाठ उलटगणित आलं. ह्या गणितात यंत्र दोन जगं मांडतं. एका जगात तुमचा रुपया तिथे आहे, दुसऱ्यात नाही. बाकी सारं तेच. दोन्ही जगांत एकेका माणसाचं आयुष्य किती भरतं ते बघायचं आणि वजाबाकी करायची. ज्याचं आयुष्य कमी भरलं, त्याचं नाव मिळतं, आणि त्या नुकसानीतला तुमचा वाटाही मिळतो. ह्याला निकटवाटा म्हणतात, आणि तो दहा हजारांत मोजतात.

हे गणित हाती येताच देशोदेशीच्या कॅथलिक गुंतवणूकदारांनी मिळून एक मंडळ काढलं आणि ‘सद्विवेक सूची’ बनवली. शस्त्रं बनवणाऱ्या कंपन्या त्यातून वगळल्या, गर्भपाताच्या धंद्यातल्या वगळल्या, मानवी भ्रूण मोडून संशोधन करणाऱ्या, जुगाराच्या, मजुरांचं रक्त पिणाऱ्या, साऱ्या वगळल्या. एवढं चाळून जे उरलं, त्याचं गणित केलं, आणि मंडळातल्या भल्याभल्यांचे चेहरे उतरले. निर्मळ कंपनी एकही निघाली नाही. भाजीच्या बियाण्याच्या कंपनीच्या शेवटच्या टोकालाही कुणाचं तरी नाव होतंच.

आता सगळेच पैसे काढून घ्यायचे, तर आजाऱ्यांचे दवाखाने, म्हाताऱ्यांची घरं, अनाथांच्या शाळा कशावर चालायच्या? मग मंडळाने एक उंबरठा ठरवला. दहा हजारांत दहा वाट्यांच्या आत असेल, तर ते सहकार्य दूरचं. अट एकच. चोरी नुसती कबूल करून भागत नाही, चोरलेलं परत करावं लागतं, ही शिकवण. म्हणून दर उपवासकाळात, म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, आणि एरवी मध्येच पैसे हलवले तर आठ दिवसांत, प्रत्येकाने आपल्या यादीतल्या माणसांना सहीचं पत्र लिहून क्षमा मागायची आणि वाट्याएवढी भरपाई द्यायची. नुकसान काय होणार ते पत्रात नसे. बहुतेक पत्रं तशीही वायाच जात. माणसाला वीस-पंचवीस यायची, मग बंद व्हायची, आणि काही म्हणजे काही घडायचं नाही.

बाकीच्या धर्मांच्या आणि सरकारांच्या सूच्याही होत्या, पण त्या माणूस जन्मल्यापासून मोजत. कॅथलिक सूची गर्भधारणेपासून मोजते. आपण ज्याला माणूस म्हणतो त्याला हिशेबातही माणूस म्हणायला नको का, असा प्रश्न धर्मप्रांताच्या सभेत आला, तेव्हा सगळ्यांत आधी वर गेलेला हात माणिकबावच्या चर्चच्या, म्हणजे धर्मग्रामाच्या, खजिनदारबाईंचा, नातालिनचाच होता. त्याचा तिला अभिमान होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हे तिला आत्ता पिंपापाशी उभं राहून कळलं.

आठवडाभरात पिंपात दीडशे पत्रं झाली.

शुभदा हसायची थांबली. ती आता पत्रं पिशवीत घालून आणायची आणि मागच्या दाराने द्यायची. पेरू, फिलिपिन्स, केरळ, आयर्लंड. कुणी सुतार, कुणी नन, कुणी पेन्शनर. कुणाचे तीन वाटे, कुणाचा एक, कुणाचे सात. नातालिन दुपारी रेनाटा झोपली की पत्रं काढायची आणि जुन्या वहीत वाटे मांडायची. बेरीज हजाराच्या वर गेली, तेव्हा तिने मांडायचं सोडलं आणि जपमाळ हातात घेतली. पण मणी ओढतानाही डोक्यात आकडेच यायचे.

"आये, तू तांदूळ निवडायला इतका वेळ का लावतेस गो?" रेनाटा एकदा दारात येऊन उभी राहिली. एक हात कमरेवर, दुसरा पोटावर. "आणि हल्ली तू मला कपभर तांदूळपण काढू देत नाहीस."

"किडे झालेत. तुला उगा ओकारी येईल."

"तू घाबरलीस माझ्या बाळंतपणाला. मला कळतं. अगं, एवढ्या पोरी बाळंत होतात!" रेनाटाने आईच्या खांद्यावर हनुवटी टेकली. "हात दे. लाथा मारतंय बघ, फुटबॉलवाला येणार."

नातालिनच्या तळव्याखाली काहीतरी हललं. तिने डोळे मिटले. तिला इतकी भीती नवरा वारला त्या दिवशीसुद्धा वाटली नव्हती.

तिसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी तिने एक पाकीट फोडलं, आणि आतलं पत्र उघडण्याआधीच घडी ओळखली.

माणिकबावच्या खजिनदाराकडून दर उपवासकाळात तेवीसशे पत्रं जात. सोडालिटीच्या, म्हणजे चर्चमधल्या महिलामंडळाच्या, बाया ती आधीच घडी घालून ठेवत. नाव आतल्या बाजूला, सहीची ओळ तेवढी बाहेर. दान देताना एका हाताचं दुसऱ्या हाताला कळू नये, ही जुनी शिकवण. मग क्षमा मागतानाही कुणाची मागतोय ते कशाला वाचायचं, असं कुणीतरी पहिल्या वर्षी म्हणालं, आणि ते सगळ्यांना फार नम्रपणाचं वाटलं. तेव्हापासून तीच रीत पडली. नातालिन तीन दुपारी बसून निळ्या शाईने सह्या करायची, मधूनमधून ‘नमो मरिये’ची प्रार्थना म्हणायची, आणि उठताना तिला अंघोळ केल्यासारखं हलकं वाटायचं. भरपाई घ्यायला कुणी नाही म्हटलंय का, वाटली की झालं, असा एकूण कारभार होता.

तिने घडी उलगडली. ‘प्रिय बाळा, ... दहा हजारांत चार वाटे ... मला क्षमा कर.’ खाली निळ्या शाईत तिचीच सही होती. ‘नातालिन तुस्कानो, खजिनदार.’ शेवटच्या अक्षराला तिच्या सवयीची लांब शेपटी होती.

ती स्वयंपाकघरातल्या फरशीवर मटकन बसली. तोंडात पदर कोंबून रडली, कारण आत रेनाटा झोपली होती.

दुसऱ्या दिवशी तिने शेजारच्या घोन्साल्विसबाईला रेनाटाजवळ बसवलं आणि पुण्याची बस पकडली. सद्विवेक सूचीचं गणित बघणाऱ्या डॉ. वैजयंती ओगले तिथे बसत. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, एक पडदा आणि खिडकीत कोमेजलेली तुळस. बाई साठीच्या, केस बारीक कापलेले, बोलणं तुटक. नातालिनने पिशवीतून पत्रं काढून टेबलावर ठेवली आणि विचारलं, "बाळाला काय होणार आहे?"

"मला माहीत नाही," ओगले म्हणाल्या.

"तुम्ही यंत्र बनवलंत!"

"बनवलं, म्हणूनच सांगते. यंत्राला ‘काय’ कळत नाही, ‘किती’ कळतं. दोन जगांची वजाबाकी असते ती. पाणी असेल, औषध असेल, एखादा पूल असेल. तीन हजार गुंतवणुका दोनशे वाटांनी जाऊन एका माणसापाशी मिळतात. त्यातली कुठली वाट लागते, ते उलगडायला माणसाचं आयुष्य पुरायचं नाही."

"मग किती? किती वर्षं?"

"हे विचारू नका, असं मी लोकांना सांगते."

"मी विचारते आहे, डॉक्टर."

ओगल्यांनी पडद्याकडे पाहिलं. "जवळजवळ सगळीच," त्या म्हणाल्या.

मग ओगल्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि आवाज जरा खाली आणला. "नातालिनबाई, ऐका. वजनकाटा बघितलाय ना? एका पारड्यात दहा किलोचं माप, दुसऱ्यात तुम्ही एकेक केळं टाकता. नऊ किलो नऊशे होईपर्यंत पारडं जागचं हलत नाही. मग एक केळं पडतं आणि धाडकन खाली येतं. वाट्यांचं तसंच आहे. दहा हजार भरले, की घडतं. नाही भरले, तर पत्रं आली काय आणि गेली काय. म्हणून तर बहुतेकांना काही होत नाही."

"आणि आमचं?"

"आज सात हजार दोनशे. लोक अजून सूचीत पैसे घालताहेत, ते ईस्टरपर्यंत चालेल. माझा अंदाज, ते दहा हजार दोनवर जाऊन थांबेल."

"दोन वाटे जास्त," नातालिन पुटपुटली. "दोनच! मग सांगा ना लोकांना, काढा म्हणावं!"

"कुणाला सांगू? प्रत्येक जण उंबरठ्याच्या आत आहे, नियमाने कुणीच चुकलेलं नाही. तीन हजारांतला प्रत्येक जण म्हणतो, माझे तीन वाटे काढून काय होणार? पारडं भरत आलेलं नसतं तेव्हा त्याचं म्हणणं बरोबरही असतं." ओगले थांबल्या. "पण ह्या नावाचे चार वाटे तुमच्याच धर्मग्रामाचे आहेत. ते तुम्ही काढू शकता. नऊ हजार नऊशे अठ्ठ्याण्णव. पारडं वर राहील."

नातालिनने त्यांचा हात धरला. ओगल्यांनी तो धरू दिला, पण चेहरा मोकळा केला नाही.

"दोन गोष्टी सांगते. एक, हे कायमचं नाही. दर रविवारी नव्याने मोजणी होते. पैसे परत फिरले तर वाटेही परत फिरतील, बाळ जन्मलेलं असो नाहीतर नसो. दुसरी, पैसे इथून काढलेत तर कुठेतरी ठेवाल. जिथे ठेवाल तिथे नावं असतील, आणि त्यातल्या कुणाचं पारडं असंच भरत आलेलं असू शकतं. तुमच्या यादीत जे नाव असेल, त्याची बेरीज तुम्ही विचारलीत तर मला सांगावीच लागते. मंडळाचा नियम आहे."

"किती जण विचारतात?"

"सहा वर्षांत तुम्ही पहिल्या. मी देव मानत नाही, नातालिनबाई, पण बेरीज मानते. तुमच्या लोकांनी उलट करून ठेवलंय."

माणिकबावचे फादर इलायस कोरिया हे तसे हसतमुख गृहस्थ, पण नातालिनने सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि नुसते डोळे चोळत बसले. धर्मग्रामाच्या निधीतून डायलिसिस केंद्र चालत होतं. एकोणीस माणसं आठवड्यातून तीनदा तिथे येऊन रक्त शुद्ध करून घेत. त्यात फादरांचा थोरला भाऊही होता. पैसे नुसते काढून कपाटात ठेवले असते, तर ह्या एकोणीस जणांची नावं वाट्यांसकट समोर आली असती, आणि ते वाटे काही चार-दोन नसते.

"कपाटात नको," फादर म्हणाले. "सूचीत दुसऱ्या नंबरला जी कंपनी आहे, तिथे हलवा. उत्पन्न थोडं कमी येईल, केंद्र चालेल. समितीला मी सांगतो. तुमचं नातवंड आहे म्हणून नाही, नाव समोर आलंय म्हणून. पण टीचर, नवी यादी सही करण्याआधी वाचा. घडी घातलेली नको. भरत आलेलं वाटेल त्याची बेरीज विचारा. माहीत नसणं वेगळं आणि माहीत करून न घेणं वेगळं. पहिल्याला देव क्षमा करतो. दुसऱ्याची मला खात्री नाही."

"वाचेन, फादर," नातालिन म्हणाली. ती मनापासूनच म्हणाली होती.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी बेरीज नऊ हजार सातशेवर गेल्याचा निरोप ओगल्यांनी पाठवला. पवित्र आठवड्यातल्या बुधवारी दुपारी नातालिन चर्चच्या कार्यालयात एकटी बसली. बाहेर बाया फुलदाण्या घासत होत्या. पैसे हलवायची आज्ञा पडद्यावर तयार होती, तिच्या अंगठ्याची तेवढी वाट बघत. शेजारी नवी यादी होती: एकवीसशे चाळीस नावं.

ती वाचू लागली. पहिली शंभर नावं तिने बोट ठेवून वाचली, प्रत्येकाला एक नमो मरिये देत. कुणाचा एक वाटा, कुणाचे दोन. अनोळखी गावं, अनोळखी माणसं. हळूहळू भीती कमी होऊ लागली, आणि नमो मरियाही तोकड्या होऊ लागल्या. बाराशेच्या पुढे कुठेतरी तिचं बोट थांबलं.

‘सुशांती केरकेट्टा यांच्या उदरातील बाळास, सिमडेगा, झारखंड. तीन वाटे.’

फक्त तीन. यादीत सहा-सहा वाट्यांची नावं होती. बेरीज पडद्यावर दिसत नाही, नुसता आपला वाटा दिसतो. सुशांतीच्या बाळाचं पारडं रिकामं असेल, बहुतेकांचं असतं. नातालिनने फोन हातात घेतला. ओगल्यांचा नंबर वरच होता. विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं.

आणि त्या म्हणाल्या, भरत आलंय, तर?

तर काय, ह्याचं उत्तर तिला माहीत होतं. मग तिसरी यादी, तिच्यात आणखी कुणी, आणि ईस्टर चार दिवसांवर. किंवा पैसे आहेत तिथेच. तळव्याखाली हललेलं ते तिला आठवलं. तिने फोन पालथा ठेवला. उरलेली नऊशे नावं तिने वाचली नाहीत. अंगठा टेकवला.

ईस्टरच्या रविवारी मिस्सा सुटली आणि ओगल्यांचा निरोप आला: ‘नऊ हजार नऊशे अठ्ठ्याण्णव. थांबलं.’ पुढे आणखी एक ओळ होती: ‘नव्या यादीतलं काही विचारायचं आहे का?’

नातालिनने पहिल्या ओळीसाठी देवाचे आभार मानले आणि दुसऱ्या ओळीला उत्तर दिलं नाही. फादरांनी अंगणात विचारलं, "वाचलीत ना, टीचर?" तेव्हा ती "वाचली, फादर" म्हणाली. त्या आठवड्यात सोडालिटीच्या बायांनी एकवीसशे चाळीस पत्रं घडी घालून आणून दिली, आणि तिने तीन दुपारी बसून सह्या केल्या. ह्या वेळी हलकं काही वाटलं नाही. घरी पत्रं यायची बंद झाली. पिंपात तीन हजारांवर पत्रं साठली होती, आणि त्यांतल्या एकाही चौकोनात तिने ‘क्षमा केली’ची खूण केली नव्हती. तिच्या मनातही कधी आलं नव्हतं.

जूनमध्ये रेनाटाला मुलगी झाली. सव्वातीन किलोची, डोकंभर केस, आणि रडणं असं, की घोन्साल्विसबाई कुंपणापलीकडून म्हणाली, "पोलिसात जाणार ही!" नातालिन तिला मांडीवर घेऊन तासन् तास बसायची. दर रविवारी बेरीज बघायची. नऊ हजार नऊशे अठ्ठ्याण्णव. मग कुठे तिला जेवण जायचं.

जुलैत बाप्तिस्मा झाला. मुलीचं नाव ठेवलं आन्सिला. दुपारी घर पाहुण्यांनी भरलेलं, जावई सुट्टीवर आलेला, अंगणात मंडपाखाली पानं मांडलेली. रेनाटा नव्या साडीत इकडून तिकडे फिरत होती आणि आईला दर दोन मिनिटांनी हाक मारत होती. एवढ्यात शुभदा मागच्या दाराशी आली.

"टीचर, एकच आहे," ती म्हणाली. "बाळाचं नाही. तुमच्या नावाचं."

पाकिटावर सिमडेगाचा शिक्का होता. आत माणिकबावच्या पत्राचा तळाचा कागद होता, चौकोन कोरा. पोस्टात वटवायची पट्टी न फाडता तशीच परत जोडलेली. आणि वहीच्या पानावर, कुणा दुसऱ्याच्या नेटक्या अक्षरात, हिंदीत लिहिलेला मजकूर. नातालिनने तो भिंतीला टेकून वाचला.

‘खजिनदारजी, मला लिहिता येत नाही, हे आमच्या मास्तरांकडून लिहून घेते आहे. एप्रिलपासून पत्रं येत आहेत. आधी दिवसाला दोन यायची, आता पिशवी भरून येतात. सगळे क्षमा मागतात, पण कशाची ते कुणी सांगत नाही. मी साऱ्यांना विचारते आहे, तुम्हालाही विचारते. माझ्या बाळाला काय होणार आहे? मला सातवा महिना आहे. माहीत असेल तर कृपा करून कळवा. तुमचे तीन रुपये वीस पैसे परत पाठवते आहे. क्षमेचं मग बघू.’

अंगणात कुणीतरी गाणं सुरू केलं होतं. नातालिनच्या हातात फोन होता; तो तिने कधी काढला, ते तिला कळलं नाही. ओगल्यांचा नंबर अजूनही वरच होता. विचारायलाही फार वेळ लागणार नव्हता, आणि पैसे परत फिरवायलाही. ते परत फिरले, की रविवारी आन्सिलाची बेरीज दहा हजार दोन.

"आये!" रेनाटा दारात आली. तिच्या कडेवर पांढऱ्या झग्यातली आन्सिला जांभई देत होती. "सगळे थांबलेत गो तुझ्यासाठी. धर्ममातेला मेणबत्ती द्यायचीय. आणि हे काय, कोणाचं पत्र?"

"गॅसवाल्यांचं," नातालिन म्हणाली.

तिचा आवाज कापला. रेनाटाला तो आनंदाने कापला असं वाटलं, आणि तिने हसून बाळाला पुढे केलं. नातालिनने फोन कनवटीला खोचला. मग ते वहीचं पान, सोडालिटीच्या बाया घालतात तशी, नाव आत जाईल अशी घडी घालून तिने पिंपात टाकलं, झाकण लावलं, आणि दोन्ही हात पसरून नातीला घेतलं.